ग्रेडरसाहेब

घाटंजीतल्या आमच्या गल्लीत एका घरापुढे नवरात्रापासून पाहुणे दिसायचे, पण दारात चपला दिसायच्या नाहीत. चपला काढून आत जायची परवानगी फारशी कोणाला मिळतच नव्हती. पाहुणे चपलांसकट ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, आतून येणाऱ्या रडण्याला ‘आवाज दमदार हाये बाप्पा’ असा अभिप्राय द्यायचे, आंगडं-टोपडं ठेवायचे आणि पुढची एसटी गाठायचे. दाराच्या चौकटीत प्लास्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन जे गृहस्थ बसलेले असायचे, ते ग्रेडरसाहेब.

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी त्यांना नावानं हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. बायको ‘अहो’ म्हणते, लेक ‘बाबा’ म्हणते, बाकी सगळा तालुका ‘ग्रेडरसाहेब’ म्हणतो. हे पद त्यांना कापसानं दिलं. महाराष्ट्रात 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्यानं कापूस विकायचा तो सरकारी खरेदीलाच, दुसऱ्या कोणाला नाही. मग यवतमाळसारख्या पऱ्हाटीच्या जिल्ह्यात, केंद्रावर उभा राहून मालाची प्रत ठरवणाऱ्या माणसाचा रुबाब काय असेल! हंगामात त्याच्यापुढे तहसीलदारही हलका.

साहेबांनी वणी, राळेगाव, पांढरकवडा अशा केंद्रांवर उमेद घालवली. पहाटेपासून बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. साहेब गाडीपाशी येत, पण वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे बघतसुद्धा नसत. वरचा थर हा दाखवण्यासाठीच असतो, हे त्यांना पहिल्याच हंगामात कळलं होतं. ते कोपरापर्यंत हात गाडीत खुपसत आणि तळाचा मूठभर कापूस ओढून काढत. तो मुठीत दाबून सोडत. फुलून वर आला तर कोरडा, गोळा होऊन बसला तर ओला. मग त्यातली सरकी काढून दाताखाली धरत. कट्ट वाजली तर वाळलेली, नुसती चेपली तर गाडीवर रात्री पाणी मारलेलं. निकाल दोन मिनिटांत. ‘सुपर’, ‘फेअर’, ‘कवडी’, नाहीतर सगळ्यात भयंकर, ‘ओला हाये, वाळवून आना.’ शेतकरी हात जोडायचा, पुढाऱ्याची चिठ्ठी काढायचा, साहेबांच्या सासुरवाडीशी आपलं नातं कसं लागतं ते सांगायचा. साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं : “काट्यावर कापूस चढते भाऊ, नातं चढत नाही.”

योजना गेली, बैलगाड्या गेल्या, ओलावा मोजायला यंत्रं आली. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) आजही आठ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापते आणि बाराच्या वर माल घेतच नाही. पण ते आकडे यंत्र सांगतं. साहेबांचा हात रिकामा पडला. पेपर वाचणं, संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसणं, भाजीवालीच्या टोपलीतली तळाची वांगी वर काढणं, एवढ्यावरच त्यांची विद्या चालली होती. तेवढ्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि यवतमाळच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली.

घरी सोडताना नर्सबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. साबणानं हात धुतल्याशिवाय बाळाला कोणी घ्यायचं नाही. सर्दी, खोकला, ताप असलेल्यानं जवळ जायचं नाही. पापा कोणीच घ्यायचा नाही. इतर घरांत या तीन गोष्टी ऑटोत बसेपर्यंत लक्षात राहतात. साहेबांनी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि चष्म्यावरून विचारलं, “सिस्टर, ओलावा किती टक्के चालते?”

नर्सबाईंना प्रश्न कळला नाही. साहेबांना मात्र आपलं काम कळलं होतं.

आता आमच्याकडे बाळ पाहायला जाणं म्हणजे नुसतं डोळ्यांनी पाहणं नसतं. बाळ उचलायचं, त्याची हनुवटी धरून हलवायची, गालाला गाल लावायचा, नाक कोणावर गेलंय याचा वाद मिटेपर्यंत ते या मांडीवरून त्या मांडीवर फिरवायचं आणि शेवटी ‘माय, कसं हसून राह्यलं माह्याकडं’ असं म्हणून पापा घ्यायचा. यातलं एकही टाळलं तर माणुसकी आटली असं धरतात. आणि बाळ पाहायला गेलंच नाही, तर ते पुढच्या तीन लग्नांत ऐकून घ्यावं लागतं. म्हणून अंगात ताप असला तरी माणूस बाळ पाहायला जातो. उलट, ताप असूनही गेलो याचं त्याला कौतुक हवं असतं.

अशा जनसमुदायासमोर साहेबांनी खुर्ची टाकली. वहीत रकाने आखले : नाव, गाव, नातं, ओलावा, प्रत, शेरा.

पहिली अडचण आली ती ‘सर्दी नाही’ म्हणणाऱ्यांची. सर्दी झालीय हे कबूल करणारा पाहुणा वऱ्हाडात अजून जन्मायचा आहे. कोणाला धूळ लागलेली असते, कोणाला फोडणीचा ठसका बसलेला असतो, कोणाचा घसा परवाच्या हळदीत ओरडून बसलेला असतो आणि जे चार बुकं शिकलेले आहेत त्यांना ‘ॲलर्जी’ असते. ही सगळी मंडळी साहेबांच्या वहीत ‘कवडी’ या सदरात गेली. वरच्या थराला फसणारा माणूस तो नव्हेच. पाहुणा दारात उभा राहून “एकदम ठणठणीत हाये साहेब” म्हणाला की साहेब त्याच्याकडे बघतच नसत. ते खाली वाकून त्याच्या पोराला विचारत, “का रे राजा, काल शाळेत गेलता का?”

“नाही.”

“काहून?”

“ताप होता. बाबालेही होता.”

“अव्वो, तो त परवाचा!” पोराची आई मागून ओरडायची. पण तळाचा कापूस हातात आलेला असायचा.

दुसरी जात खर्रावाल्यांची. तळहातावर सुपारी, तंबाखू, चुना घोटून घोटून ज्यांच्या हातांना कायमचा रंग चढलाय, असे एक दूरचे काका थेट पाळण्याकडे निघाले. साहेबांनी आडवा हात घातला. “हात धुतले का?”

“हे काय, साफ त हायेत.”

“कायनं साफ केले?”

काकांनी हात उलटसुलट पाहिले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, “चुन्यानं.”

तिसरी जात सगळ्यात धोक्याची आणि सगळ्यात सज्जन. ही मंडळी एका तिकिटात दोन कामं करणारी. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात कोणी ना कोणी नातलग भरती असतोच. त्याला भेटायला तालुक्यातून जीप भरून जातात, वॉर्डात त्याच्या खाटेवर बसून डबा खातात आणि परत येताना म्हणतात, “आलोच हावो त लेकरूही पाहून घेऊ.” साहेबांनी अशा एका मामांची चौकशी केली तेव्हा कळलं, की साळ्याला निमोनिया झाला होता आणि मामांनी त्याचं नाक स्वतःच्या रुमालानं पुसून दिलं होतं. तोच रुमाल आता मामांच्या खांद्यावर होता. साहेब म्हणाले, “मामा, तुमची माया सुपर हाये. पन आज घरी जा, आंघोळ करा, आठ दिवस थांबा. मंग लेकरू तुमचंच हाये.” मामांनी चहा घेतला नाही. त्यांचा तो राग अजून धगधगतो आहे.

‘फरदड’ नावाचंही एक सदर होतं. वेचणी संपल्यावर उभ्या पऱ्हाटीला पाणी देऊन पुन्हा निघणारा कापूस तो फरदड. जे पाहुणे एकदा येऊन गेले आणि चहा-पोह्यांच्या वेळी पुन्हा उगवले, ते साहेबांनी त्यात टाकले.

‘सुपर’ ही प्रत मात्र दुर्मीळच राहिली. ती पहिल्या दिवशीच मिळवली आशाताईंनी. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईनं भेट द्यायची असते. ताई आल्या, घड्याळ काढून पिशवीत ठेवलं आणि कोणी सांगायच्या आत नळाकडे गेल्या. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं, सगळं साबणानं घासलं आणि हात हवेत वाळू दिले. फडक्याला पुसलेसुद्धा नाहीत. साहेब उभे राहून पाहत होते. चांगला लांब धाग्याचा कापूस पाहिल्यावर जसे डोळे व्हायचे तसे त्यांचे डोळे झाले. वहीत शेरा पडला : ‘सुपर. पुढील खेपेस विनाचौकशी.’

ओट्यावर फुगून बसलेल्या नातेवाइकांची समजूत ताईंनीच घातली. म्हणाल्या, एवढंसं बाळ नाकानंच श्वास घेतं, तोंडानं घ्यायची त्याला अजून सवय नाही. तुमच्या-आमच्या सर्दीनं नुसतं नाक गळतं. याचं नाक चोंदलं तर त्याला दूध ओढता येत नाही. मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर तो महिनाभर खोकत गावभर हिंडतो. तान्ह्या बाळाला तोच झाला तर कधी कधी खोकला येतच नाही, मधेच श्वास थांबतो. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बीची लस दिली जाते खरी, पण डांग्या खोकल्याची लस ज्यात असते ते पेंटाव्हॅलंट सहा आठवड्यांनी, आणि गोवराची थेट नऊ महिन्यांनी. तोवर लेकरू तुमच्या शहाणपणावर. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग तापलं तर काढा, धुरी, अंगारा काही न करता सरळ डॉक्टर.

एवढं ऐकून एक वहिनी म्हणाल्या, “मंग सॅनिटायझर ठेवा न दाराशी. पचकन मारलं की झालं.” साहेबांचा चेहरा कडू झाला. त्याला कारण होतं. 31 जानेवारी 2021 ला याच घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावात, पोलिओच्या मोहिमेत बारा लेकरांना डोसाऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. लेकरांना यवतमाळच्या रुग्णालयात हलवावं लागलं. नशिबानं सगळी वाचली, पण तालुक्याचं नाव देशभर झालं. तेव्हापासून साहेबांच्या घरात बाळाच्या हाताशी येईल अशा जागी ती बाटली नाही. “साबन पाह्यला की साबनच दिसते,” ते म्हणतात, “त्याले कोनी डोस समजत नाही.” अंगणातल्या नळाला दोरीनं बांधलेली लाल साबणाची वडी हेच त्यांचं शस्त्र.

पाहुणे रुसायचे ते रुसायचेच. पण हात धुवायला सांगितल्यावर रुसणं ही काही आमच्याच तालुक्याची मिजास नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात 1847 साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं नियम घातला, की शवागारातून आलेल्या डॉक्टरांनी क्लोरिनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावायचा नाही. बाळंतिणींचे मृत्यू धडाधड उतरले. तरी डॉक्टरांना झोंबलं ते हेच, की आमचे हात घाण म्हणतोस काय? पुढे सेमेलवाइसचीच नोकरी गेली. आमच्या साहेबांना एक फायदा होता. ते आधीच निवृत्त होते.

पूर्वी हे सगळं काम सोयर करायचं. बाळंतिणीची खोली वेगळी, दाराला पडदा, सव्वा महिना कोणी शिवायचं नाही. त्यामागचं कारण विटाळाचं, म्हणजे चुकीचं. खोली काळोखी, शेगडीचा आणि ओव्या-शेपाच्या धुरीचा धूर कोंडलेला, त्यात बाळ आणि बाळंतीण दोघांचेही डोळे चुरचुरायचे. त्या खोलीबद्दल गळा काढावा असं तिच्यात काही नव्हतं. मात्र एक सोय होती. तिथे ‘नाही’ म्हणणारा कोणी माणूस नव्हता, रीत होती, आणि रीतीवर कोणी रुसत नसे. शिकलेल्या घरांनी सोयर सोडलं, पडदा काढला, खिडक्या उघडल्या, हे उत्तमच झालं. पण उघड्या दारानं सगळा गोतावळा आत शिरला आणि त्याला थांबवणारं कोणी उरलं नाही. बाळाची आई थांबवील तर ती शिष्ट, सासू थांबवील तर ती कजाग. साहेबांनी यातून वाट काढली. जुन्या वळणाचा पाहुणा आला की ते म्हणत, “सव्वा महिना व्हायचाय अजून.” शिकलेला आला की म्हणत, “पेंटाव्हॅलंट व्हायचंय अजून.” दोन्हींची मुदत साधारण एकाच सुमाराला सरते, हे गणित त्यांनी पहिल्याच आठवड्यात मांडलं होतं.

या युक्त्या एकाच पाहुणीपुढे चालल्या नाहीत. पारव्याहून काकूंची, म्हणजे साहेबांच्या बायकोची, थोरली मावशी आली. काठी टेकत आली आणि ओट्यावर बसायला साफ नकार दिला. “आमच्या वक्ती कोन हात धुत होतं? वावरातून येत होतो अन लेकरू छातीले लावत होतो. पाच लेकरं वाढवली मी. एकाले काही झालं नाही.”

साहेब आवाज न चढवता म्हणाले, “वाढली पाच, मावशी. झाली किती होती?”

मावशीनं बशी खाली ठेवली. “सात,” ती म्हणाली. “एक गोवरानं गेलं. एक नुसतं दोन दिवसाच्या तापानं.”

मग ती उठली, नळापाशी गेली आणि दोरीची साबणवडी हातात घेऊन पुष्कळ वेळ हात धूत राहिली. 1971 च्या सुमाराला आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाच्या आत जात होती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला, महाराष्ट्रात 16 वर. वाढलेल्या लेकरांच्या गोष्टी घरोघरी सांगतात, त्या 129 ची गोष्ट सांगायला अशी एखादी मावशीच लागते. साहेबांनी तिला स्वतः हात धरून आत नेलं. वहीत लिहिलं, ‘सुपर’, आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.

एवढा कडक माणूस चुकत नसेल असं नाही. बाळ वीस-बावीस दिवसांचं असताना लेकीलाच शिंक आली. साहेब ताडकन उठले आणि लेकीला पाळण्यापासून लांब माजघरात बसवून आले. बाळानं भुकेनं आकांत मांडला. नेमक्या आशाताई आल्या. त्यांनी सगळा प्रकार पाहिला आणि या एकाच प्रसंगी तालुक्यानं ग्रेडरसाहेबांना बोलणी खाताना पाहिलं. “आईचं दूध बंद करता का साहेब? आजाराशी लढायची ताकद त्याच दुधातून जाते. हात धुवायचे, नाका-तोंडाला फडकं बांधायचं आणि पाजायचं.” साहेबांनी मुकाट वही उघडली आणि नियमाखाली बारीक अक्षरात लिहिलं : ‘आईला लागू नाही.’

खरी कसोटी बारशाला लागली होती. व्याही पुसदकडचे, दहा एकर पऱ्हाटीवाले. पहिली नात, म्हणून क्रूझर भरून आले. गाडी थांबायच्या आधी गाडीतून खोकला ऐकू आला, आणि तो खोकला व्याह्यांचा होता. अख्खी गल्ली कामं सोडून दारात आली. मामा, काका, मेहुणे यांना ओट्यावर बसवणं निराळं आणि लेकीच्या सासऱ्याला बसवणं निराळं. काकूंनी पदराआडून दटावलं, “अहो, ईवाई हायेत ते! आपल्याले लेक नांदवायची हाये.”

साहेब खुर्चीतून उठले. व्याह्यांना सामोरे गेले. पाय धुवायला पाणी दिलं, गंध लावलं, शेला-टोपी-नारळ दिलं, अंगणातल्या कडुनिंबाखाली गादी घातलेल्या खुर्चीवर बसवलं, पेढा भरवला. मानपानात तसूभर उणं राहू दिलं नाही. मग समोर बसून म्हणाले, “ईवाई, माल एकदम सुपर हाये. धाग्यात काही कमी नाही.” थोडं थांबले. “पन ओला हाये.”

गल्लीनं श्वास रोखला. व्याह्यांच्या मिशा हलल्या. पण तो माणूस जन्मभर कापूस घेऊन रांगेत उभा राहिलेला होता. त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, “किती टक्के?”

“बाराच्या वर.”

“मंग त सीसीआयही घेत नाही.”

“वाळवून आना. भाव पुरा देतो.”

व्याही इतके हसले, इतके हसले, की त्यांना खोकल्याची जोरदार उबळ आली आणि निदानाबद्दल कोणाला शंका उरली नाही. विहीणबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांची तपासणी झाली, हात धुऊन झाले, कोरडा माल म्हणून त्या आत गेल्या आणि नात मांडीवर आल्यावर त्यांचाही राग उतरला. त्यांनीच नातीला खिडकीशी आणून गजांमधून आजोबांना दाखवलं. व्याही टाचा उंच करून बघत म्हणाले, “नाक आमचं हाये!”

“म्हनूनच कोरडं ठेवून राह्यलो,” साहेब म्हणाले.

रात्री आवरासावर करताना काकू कुरकुरल्या, की या माणसानं सगळी नाती तोडून ठेवली. लेक पाळणा हलवत म्हणाली, “आई, मी आजवर एकाही पाहुण्याला नाही म्हटलं नाही. सगळे म्हणतात, पोरगी गुणाची आहे, बापच खडूस आहे. माझ्या वाटचं नाही बाबांनी म्हटलं.” साहेबांनी हे ऐकलं की नाही कळलं नाही. ते वहीत बारशाचा ताळेबंद मांडत होते : आवक अठ्ठेचाळीस, आत अकरा, परत सदतीस.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. लसीच्या तारखेला आठवडा उरला असेल, एका सकाळी साहेब शिंकले. काकूंनी चुलीवरून मान वळवली. “मिरचीची फोडनी,” साहेब म्हणाले. दुसरी शिंक आली. “धूळ हाये.” तिसरी आली तेव्हा आपण काय बोलून राहिलो हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी वही उघडली, नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, नातं ‘आबाजी’, प्रत ‘ओला’, आणि उशी-कांबळं घेऊन बाहेर ओट्यावरच्या बाजेवर जाऊन बसले. कोणी सांगावं लागलं नाही आणि कोणी थांबवूनही ऐकलं नाही.

चौकटीतली खुर्ची रिकामी पडली. त्याच दुपारी पुसदचे व्याही आले. खोकला कधीचाच बरा झालेला, हात नळावर स्वतःहून धुतलेले. त्यांनी परिस्थिती पाहिली, शांतपणे खुर्चीवर बसले, वही मांडीवर घेतली आणि ओट्याकडे पाहून म्हणाले, “हं. आना इकडं माल.”

तीस वर्षं ग्रेडरासमोर टोपी काढून उभ्या राहिलेल्या कास्तकाराला नियतीनं एक आठवड्यासाठी ग्रेडर केलं होतं. त्यानं तो आठवडा वाया घालवला नाही. सकाळ-संध्याकाळ तपासणी. “शिंका किती? सरकी चावून पाह्यू का?” साहेबांनी तक्रार केली की आज एकदम कोरडं आहे, तर व्याही म्हणायचे, “वरचा थर कोरडाच असते. तळाचं काय?” आणि नात खिडकीशी आणून दाखवायची असली तर : “आज फक्त पाह्यनं. चुकारा पुढच्या महिन्यात.” साहेब कांबळं पांघरून हे सगळं ऐकून घ्यायचे. चुकाऱ्यासाठी महिने महिने ताटकळलेल्या माणसाकडून ऐकताना त्यांना उलट बोलायला जागाच नव्हती.

लसीच्या दिवशी सकाळी व्याह्यांनी तळापर्यंत तपासणी करून ‘फेअर’ असा शेरा दिला. ‘सुपर’साठी साहेबांनी अर्धा तास घासाघीस केली. मिळालं नाही.

लस झाली, बाळ दोन दिवस किरकिरलं, लेक पुढे यथावकाश सासरी गेली. साहेब पुन्हा पेपर आणि वांग्यांवर आले. गल्लीला वाटलं, सुटलो. पण गल्लीतल्याच लोकांचा साहेबांबद्दलचा सूर बदलत होता. नव्या सुना फोनवर पाहुण्यांना सांगू लागल्या, “या ना, जरूर या, पण आमच्याकडे ते ग्रेडरकाका बसतात ना बाजूला...” आणि साहेब आपल्या घरात झोपलेले असतानाही पाहुणे रुमाल लपवू लागले.

संक्रांतीच्या आधी पलीकडच्या गल्लीतले एक कापडदुकानदार आले. त्यांच्या सुनेला मुलगा झाला होता, आणि त्यांचा गोतावळा पार आदिलाबादपर्यंत पसरलेला. हात जोडून म्हणाले, “साहेब, मले कोनाले नाही म्हनता येत नाही. धंद्याचा मानूस हावो. तुमी फक्त दारात येऊन बसा. सव्वा महिना. बोलू बी नका पाह्यजे त.”

साहेब म्हणाले, “खुर्ची माही मी आनतो. चहा बिनसाखरेचा. अन माह्या निकालावर अपील नाही.”

“कबूल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला ते वही आणि खुर्ची घेऊन दुकानदाराच्या दारात हजर झाले. दुकानदार लगबगीनं स्वागताला आले, “या, या साहेब, आधी बाळ त पाहून घ्या,” म्हणत आत वळले. साहेबांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. त्यांचा उजवा तळहात उलटा करून उजेडात धरला, वास घेतला, फुगलेल्या गालाकडे पाहिलं आणि वहीचं पहिलं पान उघडलं.

“पहिले घरचा माल पाहू,” ते म्हणाले. “खर्रा थुका अन नळावर चला.”